जोड सुकू दे जरा

कारखाना बघायला कुणीही आलं की आधी फळीवरून हात फिरवतात, मग जोडाच्या रेघेवर नख घासून बघतात आणि विचारतात, "म्हणजे हे अखंड लाकूड नाही ना?" नाही, अखंड नाही. साधारण पाच सेंटिमीटर रुंदीच्या बारा पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून केलेली सहाशे मिलिमीटरची फळी आहे ती, आणि त्यातली एकेक पट्टीसुद्धा चार-पाच तुकडे टोकाला टोक लावून जोडलेली आहे. पण लाकूड सगळं खरं. भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड नव्हे, एमडीएफ नव्हे. आत-बाहेर तेच लाकूड, रंधा मारा, पॉलिश करा, वीस वर्षांनी घासून परत पॉलिश करा.

मी सावंतवाडीकडची, सुताराची मुलगी. डिप्लोमा केला, आणि गेली नऊ वर्षं कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत अशी पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप, त्यामुळे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना "लाकडाची कंपनी" म्हटलं की तो वखारीपाशी नेऊन सोडतो, हे बऱ्याचदा झालंय. आत येऊन बघितलं की मात्र लोक गप्प होतात. एका टोकाला केरळहून आलेले रबराच्या लाकडाचे आखूड आखूड तुकडे आणि दुसऱ्या टोकाला आरशासारखी घासलेली सलग फळी, आणि मधे मोजून आठ-दहा माणसं.

रबराचं लाकूड म्हटलं की आमच्या घरी बाबा तोंड वाकडं करायचे. दोडामार्गाकडे केरळच्या लोकांनी लावलेल्या रबराच्या बागा आम्ही लहानपणापासून बघतोय, झाडाला तिरकी चीर, खाली बांधलेली वाटी, त्यात टपकणारा पांढरा चीक. पंचवीस-तीस वर्षांनी चीक कमी झाला की झाड तोडायचं आणि त्याचं जळण. बाबांचं म्हणणं चूक नव्हतं, कारण तोडल्यावर चार-आठ दिवसांत त्या लाकडाला बुरशी येऊन ते निळसर पडतं आणि भुंगा तर लगेच लागतो. फणस, किंजळ, ऐन, सागवान हाताळलेल्या माणसाला ते लाकूड वाटणारच कसं. पण तेच लाकूड ताजं असताना कापून, मोठ्या सिलिंडरमधे घालून प्रेशरने बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी आतपर्यंत मुरवलं आणि मग भट्टीत नीट सुकवलं की फिक्कट पिवळं, बारीक रेघांचं, खिळा-स्क्रू घट्ट धरणारं लाकूड मिळतं. मलेशियाने यावर अख्खा फर्निचरचा धंदा उभा केला. आणि जे झाड तसंही तोडायचंच होतं, त्याचं टेबल होतं, जंगलाला हात लावावा लागत नाही, मला ही गोष्ट फार आवडते.

फक्त रबराचं खोड आखूड आणि बारीक, लांब रुंद फळी निघतच नाही. म्हणून जोडायचं.

आमच्या लाइनवर सुरुवातीला दोन बाया उभ्या असतात, त्यांच्या हातात खडू. साधा दिसतो पण त्या खडूची रेघ दिव्याखाली चमकते. पट्टी समोर आली की गाठ, चीर, निळा डाग, भुंग्याचं भोक, जिथे खोट असेल तिच्या अलीकडे पलीकडे रेघ मारायची, पट्टी पुढे सरकते, सेन्सर रेघ वाचतो आणि करवत धाडकन तेवढाच तुकडा उडवते. बघता बघता. काही मोठ्या कारखान्यांत हे खडूचं कामसुद्धा कॅमेरे करतात, आमच्याकडे अजून बायाच करतात, आणि त्यातल्या एकीची नजर अशी आहे की पट्टी अजून हातभर लांब असतानाच तिचा खडू वर उचललेला असतो.

चांगले तुकडे पुढे फिंगर जॉइंटरला जातात. लाकडाचं टोक टोकाला चिकटवलं तर धरत नाही, कारण टोकाला सगळ्या नळ्याच नळ्या उघड्या असतात, गोंद आत ओढला जातो आणि जोड कोरडा पडतो. म्हणून टोकाला बोटांसारखे दात पाडायचे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे. त्या तिरक्या बाजूंवर गोंदाला धरायला जागा मिळते. फर्निचरच्या पॅनलला चार-पाच मिलिमीटरचे दात पुरतात. दात पाडले, गोंद लागला, टोकाकडून दाबलं की पट्टी लगेच उचलता येते.

मग चार बाजूंनी रंधा. आणि इथे माझं खरं काम सुरू होतं.

रंध्याची पाती बोथट झाली असतील तर ती लाकूड कापत नाहीत, रगडतात. डोळ्याला कडा उलट जास्तच गुळगुळीत दिसते, चकाकते, नवीन पोरगा खूश होऊन सांगायला येतो की ताई बघा काय फिनिश आलाय. मी खिशातून ड्रॉपर काढते आणि कडेवर पाण्याचा एक थेंब सोडते. चांगली कापलेली कडा असेल तर थेंब पसरतो, काही क्षणांत लाकडात शिरतो, फक्त ओला डाग उरतो. रगडलेली कडा असेल तर थेंब अळवाच्या पानावर बसल्यासारखा गोल बसून राहतो. पाणी शिरत नाही तिथे गोंद काय शिरणार. अशा वेळी मशीन बंद, पाती बाहेर. प्रॉडक्शनवाले चिडतात, चिडू देत. आणि एकदा रंधा मारला की त्याच दिवशी चिकटवायचं, कारण उघडी ठेवलेली कडा जुनी होते, त्यावर धूळ बसते, ती दमट हवेने हलते आणि मग सरळ राहत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे कागद जाईल एवढी फट असली तरी ती गोंदाने भरून निघेल असं समजू नये. गोंद फट भरायला नसतो.

गोंद म्हणजे तोच, पांढरा, पाण्यातला पीव्हीए. फेव्हिकॉल १९५९ साली आला त्याच्या आधी आपल्याकडचे सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, भांड्यात पाण्यावर गरम करून. आजोबांच्या पडवीत त्याचा वास यायचा असं बाबा सांगतात. आमच्याकडचा गोंद जरा वरच्या ग्रेडचा, डी थ्री म्हणतात. युरोपियन स्टँडर्ड ईएन २०४ मधे त्याची परीक्षा अशी की जोड करून सात दिवस ठेवायचा आणि मग ओढून बघायचा, दर चौरस मिलिमीटरला किमान १० न्यूटन तरी धरला पाहिजे, आणि चार दिवस पाण्यात बुडवून काढल्यावरसुद्धा २ न्यूटन उरले पाहिजेत. यातले ते सात दिवस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

गोंद लावलेल्या पट्ट्या एकीचं वर्षावलय वर, दुसरीचं खाली अशा उलट्यासुलट्या मांडतात, म्हणजे प्रत्येक पट्टी आपापल्या बाजूला वाकायला गेली तरी अख्खी फळी पत्रावळीसारखी वाकत नाही. मग प्रेस. पूर्वी आमच्याकडे मोठा फिरता रहाट होता, शिकंज्यांचा, एकेका शिकंज्यात फळी आवळायची आणि रहाट फिरून परत येईपर्यंत ती सुकायची. आता हाय फ्रिक्वेन्सीचा प्रेस आलाय. बाजूने हायड्रॉलिकचा दाब, रबरवुडला दर चौरस सेंटिमीटरला दहा-बारा किलोच्या आसपास, आणि वरून-खालून इलेक्ट्रोडच्या प्लेटा. त्यातून १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या की गोंदातलं पाणी तापतं. घरातला मायक्रोवेव्ह जे भाताचं करतो तेच, त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, २४५० मेगाहर्ट्झ. यातली खुबी अशी की कोरडं लाकूड त्यामानाने कमी तापतं आणि ओला गोंद जास्त, म्हणजे उष्णता नेमकी जोडात जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्टॉपवॉच लावून उभी होते, दीड-दोन मिनिटांत फळी बाहेर, उचलून हातात धरली तर जोड घट्ट, आणि रेघेरेघेवर गोंदाचे मोहरीएवढे मणी बाहेर आलेले. तेवढेच यावेत. मणी आलेच नाहीत तर गोंद कमी, ओघळ आले तर जास्त, आणि ओघळ इलेक्ट्रोडला लागला तर ठिणगी पडते, फळीवर काळा चट्टा आणि शेडमधे जळका वास.

आणि लाकूडच ओलं असेल तर? मग लहरी लाकडातलं पाणी तापवत बसतात, गोंदाच्या वाट्याला उष्णता येत नाही, वरून सगळं छान दिसतं आणि जोड आतून कच्चा. म्हणून भट्टीतून आलेला माल आठ ते दहा टक्के ओलाव्याचाच हवा, शेजारच्या दोन पट्ट्यांत फार फरक नको. मीटरच्या दोन सुया टोचून टोचून माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय.

आता मुद्द्यावर येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. एका हॉटेलची टेबलटॉपची ऑर्डर होती, एकशे चाळीस नग, गडद पॉलिश, तेही चकचकीत. तारीख अंगावर आलेली. प्रेस नवीन होता, दोन मिनिटाला फळी पडत होती आणि सगळ्यांना वाटत होतं की आता काय, सकाळी दाबलेली दुपारी सँडिंगला घालू, संध्याकाळी गाडीत. नियम होता की प्रेसनंतर फळी रॅकमधे ठेवायची, किती दिवस ते लिहिलेलं होतं, पण मला विचारलं, "मॅडम, जोड धरलाय का?" मी टोकाचा तुकडा कापून पटाशीने फोडून बघितला. जोड धरलेलाच होता, लाकूड फुटत होतं, गोंद सुटत नव्हता. मी सही केली.

तीन आठवड्यांनी फोन आला. मी स्वतः गेले बघायला. दुपारच्या वेळी वरून बघितलं तर काहीच नाही, टेबल सुंदर. मग तिथल्या मॅनेजरने खिडकीच्या बाजूला वाकून बघायला सांगितलं, उजेड आडवा येतो तिथून. प्रत्येक पाच सेंटिमीटरवर एक बारीक दबलेली रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या टेबलांवर, खाटेच्या नवारीचे वळ पाठीवर उठतात तसे. बोट फिरवलं तर लागत पण होतं, जेमतेम. जोड एकही सुटलेला नव्हता. पण टेबल परत आली, सगळी.

झालं काय होतं तर गोंदात पाणी असतं, जवळजवळ अर्धं. जोड धरला म्हणजे ते पाणी गेलं असं नाही, ते जोडाच्या दोन्ही बाजूंच्या लाकडात शिरतं आणि तेवढं लाकूड फुगतं. रेघेवर बारीक उंचवटा. अशा वेळी सँडरखाली घातली की तो उंचवटा घासून सपाट होतो, फळी एकदम प्लेन. मग पुढचे काही दिवस ते पाणी हळूहळू अख्ख्या फळीत पसरतं, हवेत जातं, फुगलेलं लाकूड परत बसतं, आणि जिथला जास्तीचा भाग आपण घासून टाकलाय तिथे आता खळगा. मॅट पॉलिशवर कदाचित खपून गेलं असतं. चकचकीतवर नाही खपत.

मशीनचं काही चुकलं नव्हतं, मशीनने दोन मिनिटांत जोड दिला होता. थांबायचं मी ठरवायला हवं होतं आणि मी थांबवलं नाही. ती सही अजून त्या फाइलमधे आहे, आणि त्यानंतर मी पॅनल रॅकमधून काढायची परवानगी तोंडी देत नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर प्रेसची तारीख आणि वेळ खडूने, खाली सँडिंगची तारीख, पावसाळ्यात अजून एक दिवस जास्त. कुणी घाई करायला आलं की त्या टेबलांपैकी एक टॉप मी आमच्या ऑफिसच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, खिडकीच्या बाजूला, तो दाखवते.

त्या प्रकरणानंतर गावी गेले तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते, पटाशीला धार लावत. लहानपणी ते फणसाच्या दोन फळ्या जोडायचे, मधे बांबूच्या खुंट्या, बाहेरून शिकंजे, आणि दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडले तरी फळी पडवीत आठ दिवस तशीच उभी. मी विचारायची की आता घट्ट झालीय ना, मग रंधा मारा की. तर एकच उत्तर, "सुकांदे गो." मला वाटायचं बाबांना दुसरं काम असेल म्हणून टाळतायत. आता त्यांना म्हटलं की बाबा, युरोपातल्या परीक्षेतसुद्धा सात दिवस लिहिलेत आणि तुम्ही आठ ठेवायचात. त्यांनी पटाशीची धार अंगठ्यावर बघितली आणि म्हणाले, "एक दिस पावसाचो." म्हणजे पावसाळ्यातला जास्तीचा दिवस. मी कारखान्यात जो नियम घातला तोच, आणि मी त्यांना तो सांगितलाही नव्हता.

तरी जोडलेल्या रबराच्या फळीवर त्यांचा विश्वास नव्हताच. यंदा मे महिन्यात जाताना मी आमच्याकडची एक फळी नेली, साडेचारशे मिलिमीटर रुंद, पॉलिश न केलेली, आणि सोबत टोकाची कापलेली एक पट्टी, मधोमध जोड असलेली. पट्टी त्यांच्या हातात दिली, म्हटलं मोडा. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली, जोडाची रेघ बरोबर गुडघ्यावर येईल अशी, आणि जोर लावला. काडकन आवाज आला. मग चष्मा शोधला, दारात उजेडात गेले आणि बराच वेळ मोडलेल्या जागेकडे बघत राहिले. जोडाच्या शेजारून लाकूड फाटलं होतं, जोडाच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे धागे चिकटलेले, गोंदाची रेघ मधे साबूत.

"लाकूड मोडला," म्हणाले, "जोड सुटाक नाय."

आई आतून विचारत होती काय मोडलं म्हणून.

मोठी फळी मात्र त्यांनी मोडली नाही. ती ठेवून घेतली. म्हणाले पाऊस बघू दे तिला. आणि हे मला कुठल्याही टेस्ट रिपोर्टपेक्षा जास्त पटलं, कारण कोकणातला पाऊस म्हणजे लाकडाची खरी परीक्षा. हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा असला की उघडं लाकूड सोळा ते वीस टक्क्यांपर्यंत ओलावा घेतं, आणि हीच फळी मे महिन्यात नागपूरला नेली तर पाच-सहा टक्क्यांवर येईल. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलतं, ओलावा एक टक्का वाढला की साधारण हजारातले दोन भाग. सहाशेची फळी पाच टक्क्यांनी ओली झाली तर सहा मिलिमीटर. जोड कितीही पक्का असला तरी ही हालचाल थांबत नाही, अखंड फळीतही थांबत नाही. म्हणूनच टेबलाचा वरचा भाग खालच्या फ्रेमला गच्च चिकटवू नका असं मी गिऱ्हाइकांना सांगते, स्क्रूची भोकं लांबट ठेवा, फळीला हलायला जागा द्या, नाहीतर ती स्वतःच चीर पाडून जागा करून घेईल. आणि खालची बाजू दिसत नाही म्हणून तिला पॉलिश न करणं ही तर हमखास फळी वाकवायची रीत आहे, एका बाजूने दमट हवा शिरते, दुसरीकडून नाही. मोठमोठ्या घरांत हे बघितलंय, टेबल पाऊण लाखाचं आणि उलटं केलं तर खाली कोरं लाकूड.

बाबांनी फळी पडवीत उभी केली, खांबाला आडवी लावून तिच्या दोन्ही कडांच्या खुणा खांबाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलने मारल्या आणि तारीख घातली. मी परत आले आणि कामात विसरले. गेल्या रविवारी त्यांचा फोन. पाऊस कसा आहे, तुझी खोली गळते का, हे सगळं झाल्यावर म्हणाले, "दीड सूत फुगली गो." दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. मी लगेच कागद घेतला, साडेचारशे रुंदी, पाच टक्के ओलावा वाढला असं धरलं तर साडेचार. बाबांचं माप आणि माझं गणित केसभराच्या फरकाने जुळलं, मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"वाकली का पण?"

"नाय. गुण्यो लावून बघितलंय. जोडय तसोच आसा."

मग जरा थांबून म्हणाले की दाराला घालू नको, दार अडकेल, टेबलाला बरी. आणि गणपतीच्या चौरंगाचा वरचा भाग हिचाच करतो, पण गणपतीपर्यंत सुकणार नाही, तेव्हा यावर्षी जुनाच चौरंग. दिवाळीनंतर वारा सुटला की फळी परत मोजणार आहेत, भिंतीवरची खूण पुसायची नाही असं आईला सांगून ठेवलंय.